बुद्धिबळात मोठ्या खेळाडूंचे डाव पाहूनही मिडलगेममध्ये (डावाच्या मधल्या टप्प्यात) तोच पराभव : दोष कुठे शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

समस्या साधारण अशी असते. बुद्धिबळ खेळाडूचे रेटिंग (त्याचे बळ दाखवणारा आकडा) १४०० ते १७०० च्या आसपास आहे. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, दहा-बारा चाली तो नीट खेळतो, टॅक्टिक्सची (मोजक्या चालींत फायदा मिळवणाऱ्या डावपेचांची) कोडी नेमाने सोडवतो आणि रोज रात्री जगज्जेत्यांचे दोन-तीन डाव मोबाईलवर पाहतो. तरीही स्पर्धेत पंधराव्या चालीनंतर काय खेळावे हे त्याला सुचत नाही. तो एखादा मोहरा पुढे नेतो, मग मागे आणतो, मोहऱ्यांना जागा अपुरी पडत जाते आणि पस्तिसाव्या चालीच्या सुमारास काहीतरी हातचे जाते. घरी येऊन इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावले की ते शेवटची चूक दाखवते. त्यावरून 'आपले टॅक्टिक्स कच्चे आहे' असा निष्कर्ष निघतो, आणखी कोडी सोडवली जातात, आणखी डाव पाहिले जातात आणि पुढच्या स्पर्धेत पुन्हा तसाच पराभव होतो.

नाशिकमध्ये शिकवताना ही तक्रार मला मुलांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली ड्यूटी संपवून संध्याकाळी पटावर बसणाऱ्या मोठ्या माणसांकडूनही जवळजवळ त्याच शब्दांत ऐकायला मिळते. मेहनत कमी पडते असे यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत म्हणताच येत नाही. दोष दोन ठिकाणी असतो : अभ्यासाला घेतलेल्या डावांचा खेळाडूच्या स्वतःच्या डावांशी काही संबंध नसतो, आणि डाव पाहताना तो एकही चाल स्वतः ठरवत नाही. हे दोन्ही दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो.

पराभवाची खरी जागा शोधणे

मोठ्या खेळाडूंचे डाव काही दिवस बाजूला ठेवावेत आणि स्वतःच्या हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट (चाली लिहिण्याचे कागद) एकत्र कराव्यात. क्लासिकल (जास्त वेळेच्या) स्पर्धेत चाली लिहिणे बंधनकारक असल्यामुळे त्या हाताशी असतातच. रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) लिहिण्याची सक्ती नसते, आणि आपल्याकडच्या एका दिवसात संपणाऱ्या बहुतेक स्पर्धा रॅपिडच असल्यामुळे कित्येक मुलांच्या वर्षभराच्या डावांची नोंदच राहत नाही. अशा वेळी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत किंवा निदान त्याच संध्याकाळी डाव आठवून वहीत उतरवावा. सगळ्या चाली आठवल्या नाहीत तरी पंधराव्या-विसाव्या चालीच्या वेळची स्थिती मांडता आली, तरी आपले काम भागते.

क्लासिकल डावात आणखी एक सवय लावून घ्यावी. चालीशेजारी घड्याळात उरलेली वेळ लिहावी. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार स्कोअरशीटवर चालींबरोबर घड्याळातील वेळ लिहिण्यास मुभा आहे. मात्र खेळण्यापूर्वीच चाल लिहून ठेवणे किंवा स्वतःच्या विचारांची टिपणे काढणे चालत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

या कागदांतून काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. एक शाळकरी मुलगा काळ्या मोहऱ्यांनी टाराश बचाव खेळतो, म्हणजे वजिराच्या प्याद्याच्या ओपनिंगला डी५, ई६ आणि सी५ अशी उत्तरे देऊन मध्यभागी जागा घेतो. (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे आकडे असतात; दोन्ही मिळून घराचे नाव होते.) त्याने हरलेले डाव आणून दिले तेव्हा ते वरवर अगदी वेगवेगळे होते. एकात घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) बसला होता, दुसऱ्यात वेळ संपली होती आणि तिसऱ्यात हत्तींचा एंडगेम (मोजकेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा) एका प्याद्याने गेला होता. त्याने प्रत्येक कागदाखाली पराभवाचे वेगळे कारण लिहिले होते. आम्ही सगळे डाव सोळाव्या चालीवर थांबवून शेजारी शेजारी मांडले, तेव्हा सगळीकडे एकच चित्र निघाले. काळ्याची प्यादी सी६ आणि डी५ वर अडकलेली होती, आणि त्यांच्यासमोरच्या सी५ किंवा डी४ या घरात पांढऱ्याचा एखादा मोहरा येऊन बसला होता. चौदाव्या ते विसाव्या चालीत या मुलाचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च झाला होता, तोही मुख्यतः हत्ती इकडून तिकडे हलवण्यात. फोर्क, संपलेली वेळ आणि हत्तींचा एंडगेम हे सारे त्या अडकलेल्या प्याद्यांचेच परिणाम होते.

असा शोध घेताना इंजिन बंद ठेवावे. इंजिन कोणती चाल चुकली ते सांगते. पण कोणत्या प्रकारची स्थिती आपल्याला वारंवार कळत नाही, हे ते सांगत नाही. ते आपले आपल्यालाच पाहावे लागते, आणि त्यासाठी डाव एकेकटे न पाहता एकत्र मांडावे लागतात.

डाव कोणते घ्यावेत

आपली अडचण एका वाक्यात लिहिता आली, की निवड सोपी होते. वरच्या मुलाचे वाक्य असे होते : 'माझी सी६-डी५ ही प्यादी अडकतात आणि समोरचे घर प्रतिस्पर्ध्याला मिळते.' या वाक्याला जुळणारा डाव शोधायचा. गाजलेला, सुंदर, वजिराचे बलिदान असलेला डाव या कामाचा नाही. १८९५ सालच्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेतला स्टाइनिट्झ आणि फॉन बार्डेलेबेन यांचा डाव कितीही वेळा पाहिला तरी मन भरत नाही, आणि तो जरूर पाहावा. परंतु त्याने या मुलाचे सी५ हे घर सांभाळले जाणार नाही.

नाशिकच्या मुलांच्या मोबाईलमध्ये विदित गुजराथीचे डाव हमखास सापडतात, आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या शहराचा हा ग्रँडमास्टर २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून २०२४ च्या टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) पोहोचला आणि तिथे त्याने हिकारू नाकामुराला दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी व नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी, असे दोन्हीकडून हरवले. तरीही धोरण शिकण्याची सुरुवात या पातळीवरच्या आजच्या डावांपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतल्या पहिल्या पंधरा-वीस चाली बहुधा घरच्या तयारीच्या असतात, आणि दोन्ही खेळाडू एकमेकांचा बेत उगवतानाच खुडून टाकतात. त्यामुळे बेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघड दिसतच नाही. रुबिनस्टाइन, कापाब्लांका, बोटविनिक या जुन्या दिग्गजांच्या काळातल्या अनेक डावांत प्रतिस्पर्ध्याला धोका उशिरा कळतो, आणि म्हणूनच तिथे एकच कल्पना वीस-वीस चाली अखंड पाहता येते. शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

डाव शोधायला पैसे खर्च करण्याची गरज नाही. लीचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर खेळाडूंचे डाव स्थितीनुसार पाहता येतात. आपल्या डावातली दहाव्या चालीची स्थिती तिथे मांडावी आणि त्यातून पुढे गेलेले डाव बघावेत. एका अडचणीसाठी चार-पाच डाव पुरेत. शंभर डावांची फाईल उतरवून घेण्याचा मोह टाळावा, कारण ती उघडलीच जात नाही.

डाव पाहण्याची रीत

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. दुसऱ्याचा डाव भराभर पाहणे म्हणजे गणिताच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणे वाचत जाणे होय; वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि परीक्षेत कोरा कागद समोर आला की हात थांबतो. म्हणून खरा पट मांडावा, पुढच्या चाली झाकाव्यात, जिंकणाऱ्याची चाल आधी स्वतः ठरवून वहीत लिहावी आणि मगच छापील चाल उघडावी. लीचेसच्या स्टडीमध्ये पुढच्या चाली लपवून ठेवण्याची सोय आहे, पण एका साध्या कागदाने झाकूनही काम होते. चालीपुढे कारण लिहिणे मात्र अनिवार्य समजावे, आणि ते कारण 'चांगली वाटली' असे नसावे.

वरच्या मुलाला आम्ही १९०८ साली लोड्झ येथे खेळला गेलेला रुबिनस्टाइन विरुद्ध साल्वे हा डाव दिला. नवव्या चालीला रुबिनस्टाइनने सी६ वरचा घोडा मारला, काळ्याने तो बी प्याद्याने परत घेतला, आणि पटावर मुलाच्या परिचयाची तीच रचना आली : काळ्याची प्यादी सी६ आणि डी५ वर, समोर पांढऱ्याचे ना सी प्यादे ना डी प्यादे. येथे थांबून एकच प्रश्न विचारावा. काळ्याला एक चाल फुकट मिळाली, तर तो काय खेळेल? उत्तर आहे सी६-सी५. ते प्यादे पुढे सरकले की दोन्ही प्यादी शेजारी शेजारी उभी राहतात, मध्यभागी दबाव आणतात आणि काळ्याच्या मोहऱ्यांना वाट मिळते. हे एकदा कळले, की रुबिनस्टाइनच्या पुढच्या चालींचा अर्थ आपोआप लागत जातो.

अकराव्या चालीला घोडा ए४ वर गेला. पटाच्या काठावरचा घोडा बरा नसतो हे मुलांना पाठ असते, त्यामुळे ही चाल जवळजवळ कोणीच लिहीत नाही; पण तिथून तो सी५ वर नजर ठेवतो. मग उंट ई३ वर, हत्ती सी१ वर, आणि पंधराव्या चालीला उंट थेट सी५ वर. काळ्याने घोडा डी७ वर आणून या उंटाला प्रश्न विचारला, तेव्हा रुबिनस्टाइनने सतराव्या चालीला उंटाला उंट मारला. या चालीवर मुले हमखास अडतात, कारण चांगल्या घरात बसलेला उंट आपण होऊन का बदलावा हे त्यांना कळत नाही. सी५ चे घर काळ्या रंगाचे आहे, आणि त्या घरावर लक्ष ठेवणारा काळ्याचा एकमेव उंट या मारामारीत पटावरून गेला. लगेच अठराव्या चालीला पांढरा वजीर डी४ वर आला, आणि सी६ चे प्यादे पुढे सरकण्याची आशा संपली.

पुढच्या दोन चाली मी शिकवताना सर्वांत जास्त वेळ पटावर ठेवतो. एकोणिसाव्या चालीला जी२ वरचा उंट एफ१ वर मागे आला आणि विसाव्या चालीला ई प्यादे एकच घर सरकून ई३ वर गेले. दिसायला दोन्ही चाली भित्र्या आहेत. प्रत्यक्षात ते प्यादे हलताच एफ१ वरच्या उंटाची तिरपी वाट मोकळी झाली आणि बी५ वरच्या काळ्या वजिरावर हल्ला आला; त्याच चालीने वजिराला डी४ वर भक्कम आधार मिळाला; आणि आधी ई२ च्या प्याद्याची राखण करत एफ२ वर बसलेला हत्ती दुसऱ्या रांगेतून सी फाईलकडे (सी या उभ्या रांगेकडे) जायला मोकळा झाला. एका प्याद्याच्या एका पावलात तीन कामे झाली. त्यानंतर एकविसाव्या चालीला घोडा सी५ वर, तो मारला गेल्यावर त्याच घरात हत्ती, तेविसाव्या चालीला दुसरा हत्ती सी२ वर, आणि सत्ताविसाव्या चालीला सी६ चे प्यादे पडले. काळ्या वजिराने हत्ती मारला तर डी४ च्या वजिराला ए७ वरचा हत्ती मिळतो, आणि डावात तसेच घडले. अडतिसाव्या चालीला बी प्यादे सातव्या रांगेत पोहोचल्यावर काळ्याने डाव सोडला.

उंट, मग घोडा, मग हत्ती असे तीन वेगवेगळे मोहरे सी५ या एकाच घरात येऊन बसले. हे ज्याने स्वतः अंदाज बांधत, चुकत आणि पुन्हा विचार करत पाहिले, त्याला 'घर ताब्यात घेणे' म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर पट फिरवून तोच डाव हरणाऱ्याच्या बाजूने पाहावा, कारण आपला विद्यार्थी स्पर्धेत काळ्याच्या जागी बसणार आहे. दहाव्या ते चौदाव्या चालीत काळ्याला सी६-सी५ खेळता आले असते का, उंटांची ती मारामारी टाळता आली असती का, हे प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे पट हलवून शोधावीत. पुष्कळ शिक्षक ही पायरी गाळतात. माझ्या अनुभवात अर्धा फायदा येथेच असतो.

इंजिन या सगळ्यानंतर लावावे, आणि तेही आपण लिहिलेल्या उत्तरांची तपासणी करण्यापुरते. स्टॉकफिश हे इंजिन आपली चाल नाकारत असेल, तर ती चाल पटावर खेळून काळ्याचे किंवा पांढऱ्याचे उत्तर काय येते ते पाहावे. नुसता आकडा वाचून पुढे जाऊ नये.

दोन-तीन दिवसांनी तोच डाव न पाहता मांडून पाहावा. मुंबईच्या स्पर्धेला पंचवटी एक्स्प्रेसने जाताना आमची मुले एकमेकांना असे डाव तोंडी सांगतात, आणि जिथे अडखळतात तिथेच त्या चालीचे कारण कळलेले नसते, असा आमचा अनुभव आहे. अडखळलेली चाल वहीत लाल खूण करून ठेवावी आणि परत आल्यावर पटावर घ्यावी.

अडचण एंडगेमची असेल तर

काहींच्या स्कोअरशीट वेगळे सांगतात. मिडलगेम बरोबरीचा जातो, मोहरे कमी होतात आणि हत्तींच्या एंडगेममध्ये हातचा डाव जातो, कारण खेळाडू प्रत्येक प्यादे वाचवत बसतो आणि राजा घरातच राहतो. यांच्यासाठी १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर हा डाव घ्यावा आणि चौतिसाव्या चालीवर कागद ठेवावा. पांढऱ्याचा हत्ती एच७ वर, राजा एफ३ वर, आणि काळ्याचा हत्ती सी३ चे प्यादे खायला निघालेला. बहुतेक विद्यार्थी ते प्यादे वाचवणारी चाल लिहितात. कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला, मग एच४ वर, मग जी५ वर, आणि एकोणचाळिसाव्या चालीला एफ६ वर. मधल्या काळात काळ्याने शह देत दोन प्यादी खाल्ली. एफ५ चे काळे प्यादे सहज मिळत असूनही राजाने ते लगेच मारले नाही, कारण तेच प्यादे पाठीमागून येणारे शह अडवत होते आणि पांढऱ्याला तर एच८ वर हत्तीने मात करण्याची धमकी द्यायची होती. काळा राजा जी८ वर पळाला, तेव्हा पांढऱ्या हत्तीने शह देऊन सी७ चे प्यादे उचलले आणि गेलेली प्यादी एकेक करून परत येऊ लागली.

बंद स्थितीत काय करावे हे न सुचणाऱ्यांनी १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमधला कार्पोव्ह विरुद्ध उन्झिकर हा डाव घ्यावा. चोविसाव्या चालीला पांढरा उंट ए७ वर जातो आणि ए फाईल बंद करतो, म्हणजे त्याच्या आडून पांढऱ्याला आपले हत्ती सावकाश एकामागे एक लावता येतात. चाल पाहण्यापूर्वी तिचा विचार किमान दहा मिनिटे करावा.

तरीही फरक पडला नाही तर

सर्वप्रथम वही तपासावी. चालींपुढची कारणे एका शब्दाची असतील, किंवा अंदाज बांधण्याआधी पुढची चाल डोळ्यांखालून गेलेली असेल, तर अभ्यास पुन्हा पाहण्यावरच घसरलेला आहे. एकट्याने बसताना हे फार सहज होते, म्हणून दोघांनी मिळून डाव घ्यावा. एकाने चाली उघडाव्यात आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे, मग अदलाबदल करावी.

अंदाज बरोबर येऊ लागले, पण स्पर्धेत तेच घडत राहिले, तर स्कोअरशीटवरची वेळ पाहावी. ओळखीची रचना आल्यावर विचारासाठी थांबायचे असते, आणि कित्येक खेळाडू ओपनिंग संपताच सवयीने भराभर खेळतात. ओपनिंगची पाठ केलेली चाल संपली, की पुढची चाल करण्यापूर्वी 'प्रतिस्पर्ध्याला एक चाल फुकट मिळाली तर?' हा प्रश्न विचारण्याची सवय सरावाच्या डावांतच लावावी.

ओपनिंग बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. पालक हा उपाय पहिल्यांदा सुचवतात, पण नवी ओपनिंग नवी रचना घेऊन येते आणि तिथेही पंधराव्या चालीला तीच अडचण उभी राहते. रचना नीट अभ्यासून, तिच्यातले डाव दोन्ही बाजूंनी पाहून आणि काही स्पर्धांत ती खेळूनही ती स्वभावाला मानवत नाही असे दिसले, तरच बदल करावा. टाराश बचाव खेळणाऱ्या त्या मुलाने तो सोडलेला नाही. आता तो सी६ चे प्यादे अडकण्यापूर्वी सी५ खेळण्याची संधी शोधतो, आणि ती मिळाली नाही तर काळ्या घरांचा उंट सांभाळतो. नंतरच्या स्पर्धेच्या स्कोअरशीट त्याने आणल्या, तेव्हा त्यांत एक पराभव पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना झालेला होता आणि त्याचे कारण ए आणि बी फाईलवरच्या प्याद्यांची हाताळणी हे होते. आता आम्ही त्या रचनेचे डाव निवडतो आहोत.